स्लरीच्या टाकीत शेपटीवाल्या अळ्या आणि वर घोंघावणाऱ्या 'मधमाश्या': दरवर्षीचं हे दुखणं नेमकं काय आहे?

दिवाळी उरकली, पाऊस पुरता ओसरला आणि ज्वारीला पहिली कोळपणी झाली की आमच्या गोबरगॅसच्या स्लरी टाकीत शेपटीवाल्या अळ्या पडायच्याच. एखाद्या वर्षी नव्हे, सलग चार वर्षं. शेत लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीपासून कोसभर अंतरावर. तुमच्याकडेही असंच होत असेल तर आधी दोन खुणा जुळतात का ते बघा.

पहिली खूण पाण्यात. बोटाच्या पेराएवढी, मळकट पांढरी, लिबलिबीत अळी आणि तिच्यामागं सुतळीच्या धाग्यासारखी शेपटी. ही शेपटी एका मापाची राहत नाही. पाणी खोल असलं की वाढत वाढत वरपर्यंत येते, उथळ असलं की आखडते. काडीनं डिवचलं तर अळी शेपूट ओढून घेत तळाला जाते आणि थोड्या वेळानं टोक पुन्हा वर दिसतं. दुसरी खूण पाण्याच्या वर. टाकीच्या काठाशी दोन-चार 'मधमाश्या' हवेत खिळा ठोकल्यासारख्या एका जागी थांबतात, झटक्यात हातभर बाजूला सरकतात, पुन्हा थांबतात. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात हा खेळ जास्त चालतो.

अळ्या आहेत पण शेपटी नाही, आणि त्या ओल्या शेणात वळवळताहेत, तर त्या बहुधा घरमाशीच्या. पाण्याच्या पृष्ठभागाला डोकं खाली करून लटकलेल्या, हात हलवला की वळवळत बुडी मारणाऱ्या बारीक अळ्या डासांच्या. त्यांचा इलाज वेगळा. शेपटी लांब-आखूड होणारी असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं आहे.

चार वर्षांत आम्ही काय काय केलं, तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्मे जण त्यातलंच काहीतरी करत असतील.

आईचं निदान असं, की हे जनावरांच्या पोटातले जंत आहेत, शेणातून टाकीत उतरले. दोन्ही म्हशींना आणि बैलजोडीला जंताचं औषध पाजून झालं. जनावरांना त्याची गरज असेलही, टाकीतल्या अळ्यांना मात्र काही फरक पडला नाही. नाना म्हणजे माझे चुलते, त्यांचं लक्ष वरच्या माश्यांकडं. "मधमाश्या पाण्याला यायल्यात. आज टाकीवर आल्या, उद्या चिंचेला आग्या मव्हळ लागंल बघ," म्हणून त्यांनी टाकीशेजारी दोनदा ओला पाला जाळून धूर केला. मी पहिल्या वर्षी डिझेल ओतलं, दुसऱ्या वर्षी फिनेल. तिसऱ्या वर्षी एका दुकानातून दाणेदार कीटकनाशक आणून टाकलं. अळ्या मेल्या, हे खरं. पण पंधरवड्यात नव्या हजर, आणि ती स्लरी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला द्यायची सोय उरली नाही. स्लरीत कामाचे जिवाणूही असतात, त्यांनाही त्या औषधाचा धक्का बसला असेल. सहा महिन्यांचं खत बांधावर ओतून द्यावं लागलं. त्याचं दुःख अजून आहे.

चौथ्या वर्षी डोकं जरा ठिकाणावर आलं. औषध आणायच्या आधी ही अळी पुढं जाऊन काय होते ते तरी बघू, असं ठरवलं. लोणच्याची जुनी प्लास्टिकची बरणी घेतली, आडवी ठेवली, एका बाजूला चार बोटं स्लरी आणि दुसऱ्या बाजूला कोरड्या मातीचा उतार केला. आठ अळ्या सोडल्या आणि तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. तीन दिवस काहीच नाही. मग एकेक अळी स्लरीतून बाहेर येऊन मातीत घुसू लागली. पाण्याचा हा जीव स्वतः होऊन कोरड्यात जातो, हे बघूनच मला शंका आली. मातीत गेल्यावर अंग आखूड झालं, कातडी तपकिरी आणि टणक झाली, शेपटी वाळून एका बाजूला वळली आणि पुढच्या टोकाला शिंगांसारखी दोन बारीक नळकांडी दिसायला लागली. हा कोष. अकराव्या दिवशी येळवस, म्हणजे रानात पंगत बसते ती वेळ अमावस्या होती. कोपीजवळ भज्जी-आंबिलीची पंगत बसली होती आणि लातूरहून आलेल्या भाच्याला बरणी बघायची घाई झाली होती. ओढणी सोडली तर आत मधमाशी! एक नव्हे, तीन. नाना ओरडेपर्यंत पोरानं त्यातली एक मुठीत धरलीही. मूठ उघडली, माशी उडाली, पोराचा हात जसाच्या तसा.

म्हणजे खालची अळी आणि वरची 'मधमाशी' हा एकच प्राणी आहे. आम्ही त्याला दोन वेगवेगळे त्रास समजून दोन वेगवेगळे इलाज करत होतो.

ती मधमाशी नाहीच. ती माशी आहे. घरमाशीच्या मोठ्या खानदानातली, सिरफिड कुळातली. शेतीच्या पुस्तकांत 'सिरफिड माशी' हेच नाव चालतं. जगात या कुळाच्या सहा हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच जणींनी मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं सोंग घेतलेलं असतं. शेपटीवाल्या अळ्यांच्या ज्या, त्या एरिस्टॅलिस आणि एरिस्टॅलिनस या गटांतल्या. जगभर सगळ्यात जास्त पसरलेली एरिस्टॅलिस टेनॅक्स ही तर नर मधमाशीची नक्कलच आहे. युरोपात तिचं नावही नर मधमाशीवरूनच पडलंय. एरिस्टॅलिनसच्या माश्यांचे डोळे जवळून बघितले तर त्यांवर ठिपके किंवा पट्टे दिसतात. बांगडीवर नक्षी असावी तसे. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा करून बघा.

ओळखायचं कसं?

सगळ्यात खात्रीची खूण पंख. मधमाशीला चार पंख, माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी माशीला टाचणीच्या डोक्याएवढे दोन दांडे असतात, ते उडताना तोल सांभाळतात. पण उडत्या किड्याचे पंख मोजत कोण बसतं? म्हणून दुसऱ्या खुणा धरा. माशीचं तोंड म्हणजे जवळपास सगळे डोळेच, आणि नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. मधमाशीच्या मिश्या लांब आणि कोपरातून वाकल्यासारख्या, माशीच्या मात्र आखूड, ठेंगण्या. कामकरी मधमाशी फुलावरून परतताना मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे घेऊन जाते, माशीच्या पायांवर असले गोळे कधीच नसतात. आणि हवेत एका जागी खिळून राहणं ही तर तिची सहीच. फुलोरी मधमाशीही फुलासमोर क्षणभर थांबते, पण इतकी स्थिर नाही.

नांगी? नाही. मुळीच नाही. काही जाती हातात धरल्यावर पोट वाकवून नांगी मारल्याचा आव आणतात, पण ते नुसतं नाटक. गावात पूर्वी बहुरूपी यायचा. फौजदाराचा वेश, कडक टोपी, हातात काठी, दारात उभा राहून दरडावणार. नवखा माणूस घाबरायचा आणि जाणता हसून पायली धान्य घालायचा. या माशीचं काम तसंच आहे. ज्या पक्ष्यानं एकदा मधमाशी गिळायच्या नादात नांगी खाल्ली, तो पुढं तसले काळे-पिवळे पट्टे दिसले की तोंड फिरवतो. त्या भीतीच्या भांडवलावर ही बिननांगीची माशी जगते. अशा नकलेचं पहिलं नीट स्पष्टीकरण हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये मांडलं, अॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून, आणि तेही फुलपाखरांवरून. तारेवर बसणाऱ्या वेड्या राघूपुढं हे सोंग किती टिकत असेल, याची मला शंकाच आहे. तो खरी मधमाशीच पकडतो आणि फांदीवर घासून नांगी काढून खातो.

आपण फसलो याची लाज वाटायचं कारण नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक शेकडो वर्षं असं मानत आले, की मेलेल्या बैलाच्या धडातून मधमाश्या जन्मतात. त्यासाठी बैल कसा मारावा, कसा कोंडावा याचे विधी होते. १८९० च्या दशकात ओस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की कुजणाऱ्या धडातून निघताना दिसत होत्या त्या मधमाश्या नव्हत्याच, याच माश्या होत्या. आई हे ऐकून म्हणाली, "मंग माझे जंत काय वाईट व्हते?"

टाकीत नेमकं काय चालतं

इथं थोडं थांबून समजून घ्यायला हवं. इलाज यातच आहे.

मादीला अंडी घालायला सडकं, साचलेलं, शेवाळलं पाणी लागतं. शेणाची स्लरी, जनावरांच्या गोठ्यातलं मुताचं डबकं, मोरीचं गटार, खरकट्याचा खड्डा, मुरघासाच्या खड्ड्यातून झिरपलेलं काळं पाणी, काहीही चालतं. ती पाण्यात अंडी सोडत नाही. काठावर, भेगेत, वर तरंगणाऱ्या सालपटावर, पाण्यापासून इंच-दोन इंचांवर पांढरी लांबट अंडी उभी चिकटवते, शेजारीशेजारी, तांदळाच्या कण्या मांडल्यासारखी. उबदार दिवसांत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि अळी पाण्यात घसरते.

या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतोच. मासा, बेडकाचं पिल्लू, कुणीही जगणार नाही. अळीला फरक पडत नाही, कारण तिची शेपटी ही शेपटी नसून श्वासाची नळी आहे. दुर्बिणीच्या नळकांड्यांसारखी एकात एक बसणारी. पूर्ण वाढलेली अळी दोन सेंटिमीटरच्या आसपास, पण नळी ताणून ती तिच्या कितीतरी पट लांब करते. तळाला गाळ चिवडत राहायचं आणि नळीचं टोक पाण्यावर ठेवायचं. सापळा रचणाऱ्यानं वेळूच्या नळीतून श्वास घेत पाण्यात दबा धरावा, तसं. ती खाते काय? गाळातले जिवाणू आणि कुजलेल्या पदार्थांचे कण, पाण्यातून गाळून. म्हशीचं शेण ती खराब करत नाही, उलट कुजण्याच्या कामाला हातच लावते. कातडी इतकी पातळ, की आत श्वासाच्या दोन पांढऱ्या नळ्या आरपार दिसतात.

दोन-तीन आठवडे हे चालतं. थंडी वाढली की जास्त. मग अळी पाण्यातून चढून बाहेर येते आणि कोरडी जागा शोधते. टाकीच्या कडेची भुसभुशीत माती, वाळलेल्या शेणाचा ढीग, विटांच्या फटी. तिथं कोष. आठ-दहा दिवसांत माशी. माशी बाहेर आली की फुलांवर जाते, मध आणि पराग खाते. मादीला अंडी पिकवायला पराग लागतातच. म्हणून आमच्याकडं सुगी दिवाळीनंतर सुरू होते, असं मला वाटतं. तेव्हा बांधाला झेंडू, तुरीला फूल, पुढं कोथिंबीर आणि करडई. खायला आहे, टाकीत ओल आहे, ऊन सोसवतं. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा माश्या क्वचितच दिसतात.

आता डिझेल आणि दाणेदार औषध का फसलं ते ध्यानात येईल. मी पाण्यातल्या अळ्या मारत होतो. त्याच वेळी मातीतले कोष टाकीपासून पाच-सहा पावलांवर सुखरूप होते. आणि ते संपले तरी शेजारच्या फुलांवरून नवी मादी येणारच होती, कारण अंडी घालायची जागा उघडीच. पंधरवडा हा हिशेब तिथूनच आला.

काय केलं म्हणजे थांबतं

इलाज ठिकाणावर अवलंबून आहे. सगळीकडं एकच गोष्ट करू नका.

गोबरगॅसची स्लरी टाकी असेल तर माझा पहिला सल्ला: काही करू नका. खरंच. अळ्या स्लरीला, पिकाला, जनावराला काही करत नाहीत. चावत नाहीत. ते बघवत नसेल, किंवा घर जवळ असेल आणि पाहुणे नाक मुरडत असतील, तर टाकीवर बारीक जाळी ताणा. मी जुनी मच्छरदाणी दोन पदरी करून बांबूच्या चौकटीवर ठोकली. शेडनेटची जाळी विरळ असते, त्यातून माशी आत शिरते, तो खर्च मी करून बघितलाय. जाळी काठाला घट्ट बसली पाहिजे, पण गॅस कोंडेल इतकं प्लास्टिक घालू नका. वर आलेली सुकी साय आठवड्यातून एकदा फावड्यानं मोडून ढवळा, अंडी चिकटवायला तिचाच आधार असतो. आणि टाकीभोवतीची दोन-तीन हात भुसभुशीत माती धुम्मसानं ठोकून घट्ट करा, म्हणजे कोषाला जागा राहत नाही. औषध नको.

जीवामृताच्या ड्रममध्ये झाल्या असतील तर मात्र दुरुस्ती तुमच्या पद्धतीत हवी. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन एकत्र करून दिवसातून दोनदा ढवळायचं आणि आठवड्याच्या आत वापरायचं, असा जीवामृताचा रिवाज. अळी पेराएवढी होऊन तुम्हाला दिसली, याचा अर्थ तुमचं द्रावण निदान दोन आठवडे तसंच पडून आहे. ड्रमवर सुती कापड बांधा आणि वेळेत संपवा. आमच्या शेजाऱ्यांचा ठिबकचा फिल्टर याच अळ्यांनी बुजला होता. कापडातून गाळून घेतलं असतं तर तेवढंही झालं नसतं.

मोरीचं गटार, सांडपाण्याचं डबकं. इथं पाणी साचणं हेच मूळ दुखणं. शोषखड्डा घ्या आणि उघडं पाणी बंद करा, अळ्या आपोआप संपतात, वर डासही जातात. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेऊन डासांचा बंदोबस्त केला होता. तो नमुना मराठवाड्यात पुष्कळ गावांनी उचलला. तिथं उद्देश डासांचा होता, पण सडकं पाणीच राहिलं नाही तर ही माशी तरी कुठं बसणार? गप्पी मासे सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते असतात डासांच्या अळ्यांसाठी. गप्पी मासा थोडं घाण पाणी सोसतो, पण अशा काळ्या, सडक्या पाण्यात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पिण्याच्या हौदात किंवा छतावरच्या टाकीत दिसल्या, तर काम ताबडतोब करा. अळीचं भय म्हणून नव्हे. स्वच्छ पाण्यात ती जगूच शकत नाही, तिला खायला कुजका गाळ लागतो. तेव्हा त्या टाकीत काहीतरी सडतंय: पाला, मेलेला उंदीर, पाल, खाली साचलेला गाळ. ती तुमच्या पाण्याची फुकट तपासणी आहे असं समजा. टाकी पूर्ण उपसा, तळ घासा, झाकणाच्या कडा आणि ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी बसवा, मग ब्लीचिंग पावडरची मात्रा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारून घ्या. तोवर ते पाणी पिऊ नका. पाण्याबरोबर किंवा अन्नाबरोबर अंडी-अळ्या पोटात गेल्यानं पोटदुखी झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत, पण आहेत.

संडासच्या भांड्यात दिसल्या की घरात जो हलकल्लोळ होतो, तो वेगळाच. घरातलं पोर पोटात जंत झाले म्हणून रडतं. बहुतेक वेळा त्या भांड्यातूनच, म्हणजे खालच्या खड्ड्यातूनच वर आलेल्या असतात. खड्ड्याचं झाकण तडकलंय का आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, एवढं बघा. आमच्या गल्लीत तीन घरांत पाइप उघडाच होता. मात्र पोट खरोखर दुखत असेल किंवा पुन्हा पुन्हा शौचातच अळ्या पडताहेत अशी खात्री असेल, तर घरगुती उपाय सोडून एक अळी डबीत घालून डॉक्टरकडं न्या. अळी बघितल्यावर त्यांचं काम निम्मं होतं.

मेल्या-जिवंत अळ्यांचं काय करायचं, हेही पुष्कळ जण विचारतात. चाळणीनं काढा आणि कोंबड्यांना टाका. आमच्या कोंबड्या टाकीकडं जाताना मला बघूनच धावतात. पिण्याच्या हौदातल्या मेलेल्या उंदराजवळच्या अळ्या मात्र घालू नका, पुरून टाका.

करडईवरच्या बहिणी

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग आता ही माशी दिसली की फडक्यानं मारायची. मारू नका. याच कुळातल्या दुसऱ्या जातींनी आमच्या करडईचं जे काम केलं, ते कळायला मला आणखी एक वर्ष लागलं, आणि तिथंही मी हीच चूक केली होती: जीव ओळखायच्या आधी फवारणी.

करडईला मावा येतो. मराठवाड्यात करडई पेरणाऱ्याला हे सांगायला नको. पेरा ऑक्टोबरच्या मध्यापलीकडं लांबला की डिसेंबर-जानेवारीत शेंडे काळेकुट्ट होतात, पानं चिकट, मग त्यावर काळी बुरशी. सुरुवात बहुधा बांधाकडच्या ओळींतून. त्या माव्यात जवळून बघा. गर्दीत एखादी चपटी, हिरवट किंवा मातकट अळी फिरताना दिसेल. डोकं नाही, पाय नाहीत. पुढचं टोक निमुळतं, मागचं रुंद, जळूसारखी. ती आंधळी असते. पुढचं टोक वर उचलून डावीकडं-उजवीकडं चाचपत जाते आणि माव्याला लागलं की उचलून रस शोषते. रिकामं टरफल टाकून पुढं. एक अळी मोठी होईपर्यंत काहीशे मावे संपवते. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस ही त्यातली आपल्याकडं नेहमी सापडणारी जात. माशी बारीक, कमरेवर पिवळे पट्टे, गांधीलमाशीच्या पोरीसारखी.

मी काय केलं? पानावर अळी दिसली म्हणजे घाटेअळीच, असं समजून फवारलं. घाटेअळीला स्पष्ट तपकिरी डोकं असतं, पाय असतात आणि ती पान कुरतडून भोकं पाडते. माव्यातली ही अळी पानाला तोंडही लावत नाही. तिची विष्ठा म्हणजे पानावर डांबराच्या ठिपक्यासारखे काळे ओघळ. ते दिसले की समजा, कुणीतरी आपलं काम करून गेलंय.

फवारल्यावर मावा गेला, अळ्याही गेल्या. पंधरा दिवसांत मावा दुप्पट. त्याचं कारण सरळ आहे. मावा नराशिवायच थेट पिल्लं घालतो आणि ती पिल्लं आठवड्याभरात पुन्हा पिल्लं घालू लागतात. सिरफिडचं तसं नाही. माशी येणार, माव्याजवळ एकेक पांढरं अंडं सुटं घालणार, दोन-तीन दिवसांनी अळी, आठ-दहा दिवस खाणार, मग पानालाच थेंबासारखा कोष चिकटवणार, त्यातून आठवड्यानं माशी. हे चक्र एकदा तुटलं की मावा रिकाम्या रानात एकटा पळतो.

आता मी एवढंच करतो: पेरा वेळेत, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मावा दिसला की बांधाकडच्या ओळी आधी तपासतो, आणि लागलंच तर तेवढ्याच पट्ट्यात निंबोळी अर्क. औषधाची पाळी आलीच तर कोणतं आणि किती, हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या त्या हंगामाच्या शिफारशीतून बघतो, दुकानाच्या फळीवरून नाही. फवारणी दुपार टळल्यावर, माश्या आणि मधमाश्या फुलांवरून निघून गेल्या की. आणि करडईच्या कडेला कोथिंबिरीच्या दोन ओळी फुलायला सोडतो. सिरफिडचं तोंड आखूड, खोल फुलातला मध तिला पुरत नाही. कोथिंबिरीचं, बडीशेपेचं, मोहरीचं उघडं फूल तिला सोयीचं. कांद्याचं बी धरणाऱ्यांनी तर या माश्यांकडं जास्त मायेनं बघावं. कांद्याच्या गोंड्यावर मधमाशीच्या जोडीनं परागीभवनाचं काम करणाऱ्यांत सिरफिड असतात, स्लरीच्या टाकीतली शेपटीवालीसुद्धा.

एक गोष्ट सांगायची राहिली. करडईच्या पानावरचा थेंबासारखा कोष मी हौसेनं काडेपेटीत ठेवला, माशी निघेल म्हणून. निघाली ती काळी, बारीक कमरेची, तांबूस पायांची दुसरीच. सिरफिडच्याच अंगात अंडी घालणारी परोपजीवी गांधीलमाशी असते, तिची ही पोर. रोज कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर जगत असतं, आणि ते बघायला काडेपेटी पुरते.

यंदा टाकीला जाळी बसवल्यावर आमच्याकडं शेपटीवाली एकही नाही. आठवड्यापूर्वी नानांचा फोन आला. त्यांच्या उकिरड्याशेजारच्या डबक्यात अळ्या पडल्यात, वर मधमाश्या घोंघावताहेत, आणि बायको म्हणते म्हशीला जंताचं औषध पाजा.